उलटा जोडा

सोल, ५ मार्च १९९६

आदरणीय वहिनी,

इकडे हान नदीवरचा बर्फ वितळला, पण सकाळचा वारा अजून कानाला झोंबतो. तुमच्या डोंगरात तर थंडीनं मुक्काम हलवला नसेल. गुडघे कसे आहेत? बोन-हो दादांच्या यंदाच्या वर्षश्राद्धालाही मला येता आलं नाही. नेमक्या प्रवेश परीक्षा होत्या. राग धरू नका.

लिहिण्याचं कारण आनंदाचं आहे. येत्या जूनमध्ये आपले प्यो दोक-सू सर सत्तर वर्षांचे होत आहेत. रिवाजाप्रमाणे आम्ही विद्यार्थी मिळून गौरवग्रंथ काढतो आहोत आणि संपादनाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. इतिहास, राजकारण, समाज, संस्कृती असे चार विभाग, चाळीसेक लेख. शिवाय वर्षअखेरीला सरांच्या 'मुकं गाव'ची नवी आवृत्ती येईल, ती शेवटची आणि कायमची. त्या ग्रंथावाचून आपल्याकडे खेड्यांचा इतिहास कुणी शिकवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सरांच्या शिष्यांत दादा सगळ्यांत थोरले. त्यांच्याकडून काहीच नसेल तर लोक विचारतील. एखादी आठवण चालेल, दोन पानंही पुरेत. सरांनी स्वतः विचारलं, "बोन-होच्या घरून काही येतंय का?"

आपला,
गिल-जे, वाकून

~

मुल्गोल, १४ मार्च

गिल-जे भावजी,

तुमच्या पत्रात आधी हवा येते, मग माझे गुडघे, मग परीक्षा, आणि खरी गोष्ट सगळ्यांच्या मागून लाजत लाजत येते. विद्यार्थी असताना तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "वहिनी, भात उरलाय का?" असं सरळ विचारायचात. तेव्हाचे तुम्ही बरे होतात.

लोक विचारतील म्हणता? अठरा वर्षांत एकानंही विचारलं नाही. 'मुकं गाव' कुणी लिहिलं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ज्याच्या नावावर ते खपतं त्याला तर चांगलंच माहीत आहे. हे गाव यांचं. दोन हिवाळे यांनी घरोघर बसून, म्हाताऱ्यांच्या शिव्या आणि म्हाताऱ्यांची दारू सारख्याच आनंदानं पोटात घालून बारा प्रकरणं लिहिली. पुस्तकाला नाव दिलं होतं 'बोलणारं गाव'. कारण हे गाव बोलायचं. जमीनदाराविरुद्ध अर्ज करायचं, अधिकाऱ्याच्या दारात जाऊन बोंबा मारायचं, पाण्याच्या पाळ्यांवरून भर पंचायतीत एकमेकांचे आजे-पणजे काढायचं. मग तेव्हाच्या सरकारनं यांना उचलून तुरुंगात नेलं. सर लगेच मोटार घेऊन आले. "पोरी, पोलीस पुन्हा येतील. कागद माझ्याकडे राहू देत, जपून ठेवीन." कागदांची दोन्ही खोकी मी माझ्या हातांनी मोटारीत ठेवली.

जपली बरं का. चार वर्षांनी हे सुटून घरी आले त्याच महिन्यात ती छापून आली. 'मुकं गाव', लेखक प्यो दोक-सू. मी सोलला जाऊन जाब विचारला. चहा दिला मला. म्हणाले, "तुरुंगातून आलेल्याचं नाव आज छापता येत नाही. दिवस पालटले की पुठ्ठ्यावर दोघांची नावं घालीन, माझा शब्द आहे." दिवस पालटले, भावजी. सरकारं पालटली. तीन आवृत्त्या निघाल्या. यांना कुठल्या विद्यापीठानं दारात उभं केलं नाही, सफरचंदांच्या बागेत औषध मारत मारत हे गेले. तेव्हा सरांकडून फुलांचं चक्र आलं, आमच्या दारापेक्षा उंच. आडवं करून आत घ्यावं लागलं. त्यावर मात्र पाठवणाऱ्याचं नाव चांगलं ठसठशीत होतं.

मला एकच हवं आहे. त्या पुठ्ठ्यावर 'कू बोन-हो' ही अक्षरं. आणि ती मिळेपर्यंत त्या माणसाला अन्न गोड लागू नये, एवढं मी रोज यांच्या तसबिरीपुढे उभी राहून मागते.

आठवण हवी होती ना? ही घ्या. छापा.

मिन सुन-ये

~

सोल, २ एप्रिल

आदरणीय वहिनी,

विद्यापीठाच्या टेकडीवर पिवळी फुलं आली आहेत, यंदा जरा लवकरच.

तुमचा राग मला कळतो. पण थंड डोक्यानं पाहा. कागद राहिले नाहीत, दादा राहिले नाहीत. सरांच्या प्रस्तावनेत मात्र अठरा वर्षं छापलेलं आहे: 'या ग्रंथातील प्रत्येक ओळ मी मुल्गोल गावात राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिली आहे, विशेषतः सातवे प्रकरण.' आणि सातवं प्रकरण म्हणजे त्या ग्रंथाचा कणा. सासूसुनेचं भांडण झालं की सून आपला रबरी जोडा सोया सॉसच्या रांजणाच्या झाकणावर उलटा ठेवते. तो उलटा आहे तोवर घरात कुणी बोलायचं नाही. ज्याची चूक असेल तो येऊन जोडा सरळ करतो, आणि भांडण मिटतं. ना आरडाओरडा, ना कोर्टकचेरी. एवढ्याशा जोड्यातून सरांनी आपल्या अख्ख्या समाजाचा स्वभाव उलगडून दाखवला. परदेशातून माणसं ते प्रकरण वाचून येतात. तुमच्या जिल्ह्यात तर दर शरद ऋतूत 'उलट्या जोड्याचा उत्सव'च भरतो. या सगळ्यासमोर आपण काय पुरावा मांडणार? उलट लोक म्हणतील, विधवा बाई, दुःखानं काहीबाही बोलते.

सर अजून संशोधन संस्थेचे अध्यक्ष आहेत. पुढच्या वर्षी ती जागा रिकामी होईल, आणि त्यासाठी काही नावं... असो. मला म्हणायचं इतकंच की थोडं नमतं घेतलं तर दादांचं नाव निदान गौरवग्रंथात तरी येईल.

गिल-जे, वाकून

~

मुल्गोल, ११ एप्रिल

भावजी,

पटलं तुमचं. बाई दुःखानं काहीबाही बोलली, सोडून द्या.

मी लेख देते. सातव्या प्रकरणावरच लिहिते, गावची सून म्हणून. विषय: 'मुल्गोलमधील उलट्या जोड्याच्या प्रथेचा उगम'. यांचं नाव त्यात येईलच. अट एकच. एका अक्षरालाही हात लावायचा नाही.

आणि ती रिकामी होणारी जागा तुम्हाला मिळो. अगदी मनापासून.

सुन-ये

~

सोल, २४ जून

आदरणीय वहिनी,

पावसाळा तोंडावर आलाय, छत्र्या सगळीकडे विसरल्या जाताहेत.

सोहळा दृष्ट लागण्यासारखा झाला. ग्रंथ नऊशे पानांचा, जांभळ्या कापडी बांधणीचा. सर व्यासपीठावर उठून उभे राहिले, आम्ही वाकून ग्रंथ पुढे केला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सभागृह उभं राहिलं. तुमच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवली होती.

तुमचा लेख 'संस्कृती' विभागात शेवटचा आहे. पहिला परिच्छेद वाचला आणि डोळे भरून आले: 'मी चोवीस वर्षांची नवी सून होते आणि माझे पाय सतत ओले असत.' किती साधं लिहिलंय! अक्षराला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. गौरवग्रंथातला लेख संपादकानं सुधारायचा म्हणजे लिहिणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं. आला तसा छापला.

सोबत फोटो पाठवतो.

गिल-जे, वाकून

~

मुल्गोल, १ जुलै

भावजी,

फोटो पोहोचला. दोन्ही हातांनी घेतलाय खरा.

पहिल्या परिच्छेदाच्या पुढचं वाचलंत का?

सुन-ये

~

सोल, ३० जुलै

आदरणीय वहिनी,

उकाड्यानं जीव नकोसा झालाय.

खरं सांगू? गौरवग्रंथ हा वाचायचा नसतो. तो द्यायचा असतो, घ्यायचा असतो आणि कपाटात दिसेल असा लावायचा असतो. मुद्रितं तपासताना मी फक्त लेखकांच्या नावांचा क्रम पाहिला. तो चुकला की माणसं दहा-दहा वर्षं तोंड पाहत नाहीत. लेखकांतल्या प्रत्येकानं आपापला लेख तेवढा चाळला असेल. परवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला आपलीच एक प्रत दिसली, प्लास्टिकचं वेष्टनही काढलेलं नव्हतं. वर लिहिलेलं, 'सस्नेह भेट'. अक्षर माझंच होतं.

सुट्टीत नक्की वाचतो.

गिल-जे

~

मुल्गोल, ९ सप्टेंबर

भावजी,

सुट्टी संपली. तुम्ही वाचणार नाही हे मला कळून चुकलंय. माझी अक्कल पाहा. मी त्या ग्रंथात विस्तव ठेवला आणि तुम्हा सगळ्या विद्वानांनी मिळून त्यावर नऊशे पानांची राख ओतलीत. आता मीच सांगते, ऐका.

लग्न होऊन पहिला हिवाळा होता. मी गावाबाहेरची, शाळा शिकलेली, सॉस घालायला न येणारी. विहिरीवरून येताना चिखलात जोडा बुडाला. धुतला, आणि वाळायला कुठं ठेवावा तर ऊन पडलं होतं फक्त रांजणांच्या ओट्यावर. मी सासूबाईंच्या सगळ्यांत जुन्या रांजणाच्या झाकणावर तो उपडा घातला. सासूबाई आल्या. पायातली वस्तू घरच्या सॉसवर! त्यांचं तोंड असं मिटलं की संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. हे वही घेऊन गावभर हिंडून आले, पाहतात तो घरात सामसूम. "काय झालं?" मला आधीच राग. नवरा सगळ्या गावाच्या सासूसुनांची गाऱ्हाणी लिहून घेतो आणि घरची बायको दिसत नाही. मी म्हटलं, "अहो, एवढंही माहीत नाही? तुमच्याच गावची जुनी चाल आहे. सुनेनं जोडा उलटा ठेवायचा, आणि ज्याची चूक त्यानं येऊन सरळ करायचा. तोवर कुणी बोलायचं नाही." यांनी वही मिटली. मग ओट्यावर गेले आणि जोडा सरळ केला. सासूबाई म्हणाल्या, "हा कशाला पायताणाला हात लावतोय?" आणि आम्ही तिघं हसत सुटलो.

झालं ते एवढंच. एक दिवस, एक जोडा. यांनी मला वाढदिवसाला वाचून दाखवायला म्हणून त्यावर थट्टेचं प्रकरण रचलं, मोठमोठ्या विद्वानांच्या भाषेत. इतर कागदांबरोबर तेही खोक्यात गेलं. सरांना थट्टा कळली नाही. आणि त्या वेळच्या सरकारी साहेबांना असं गाव हवंच होतं, तोंड मिटून भांडण मिटवणारं. म्हणून नाव बदललं, अर्ज आणि बोंबांची प्रकरणं मागं ढकलली, जोडा पुढं आणला. पुस्तक हातात आलं तेव्हा हे माझ्या स्वयंपाकघरात पोट धरून हसले. "सुन-ये, तुझा जोडा छापून आला!" मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, ओरडून सांगू या सगळ्यांना. तर म्हणाले, "आज सांगितलं तर अख्खं पुस्तक बदनाम होईल. आत अकरा प्रकरणं खरी आहेत. जगू दे त्यांना." यांचा जीव पुस्तकात होता. माझा यांच्यात होता. म्हणून मी यांच्याइतकी उदार नाही.

तर गावात कधीच नसलेली प्रथा सरांनी 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिली. हे माझ्या लेखात नावागावासकट आहे. तुम्हीच छापलंय.

आता दुसरी बातमी. यंदाच्या उत्सवाला जिल्हाप्रमुखांनी सरांना बोलावलंय, जोडा सरळ करायचा मान त्यांचा. दरवर्षी कचेरीतली एखादी मुलगी सून म्हणून उभी करतात. मी जाऊन म्हटलं, खरी मुल्गोलची सून उभी करा की. साहेब खूश झाले.

जोडा मी ठेवणार आहे, भावजी. तोच. अजून जपलाय.

सुन-ये

~

सोल, १७ सप्टेंबर

वहिनी,

दार लावून घेतलं आणि लेख वाचला. माझ्या संपादनाखाली हे गेलंय! संस्थेत कुणी पाहिलं तर माझं काय होईल याचा विचार केलात? पाया पडतो, उत्सवात काही करू नका.

सरांना मी कालच सुचवून पाहिलं की डोंगरात थंडी फार, या वयात जाऊ नये. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "गिल-जे, तू वाचलं नाहीस म्हणून कुणीच वाचलं नाही असं समजू नकोस. मला दिलेलं प्रत्येक पान मी वाचतो. मी जाणार. न गेलो तर ती म्हणेल, भ्यालो."

वहिनी, सगळ्या देशात तो लेख वाचलेला माणूस एकच आहे, आणि तो तुमच्याकडे येतोय.

गिल-जे

~

मुल्गोल, २१ ऑक्टोबर

भावजी,

तुम्ही यायला हवं होतं. तुमच्यासाठीही पुढची खुर्ची राखली होती.

शाळेच्या मैदानावर नवा कोरा ओटा, त्यावर रांजण, भोवती खुर्च्या. एकीकडे धिरडी तळली जात होती, दुसरीकडे भाताच्या दारूचे वाडगे फिरत होते. मला भाड्याचे रंगीत कपडे देत होते, मी यांच्या श्राद्धाचा पांढरा पोशाख घालून गेले. साहेबांना वाटलं, तीही जुनी चाल असेल. विचारलंही, "हे कितव्या प्रकरणात आहे?"

मी रांजणावर जोडा उलटा ठेवला. भोंग्यावरून निवेदकानं सरांच्याच पुस्तकातलं वाचलं, "ज्याची चूक असेल, तो येऊन जोडा सरळ करतो." सर उठले. काठी बाजूला ठेवून ताठ चालत आले. न उचलावा तर प्रथा खोटी, उचलावा तर चूक कबूल. हे मैदानात दोघांनाच माहीत होतं. त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं जोडा सरळ केला. टाळ्या.

मी तो पुन्हा उलटा केला.

लोक हसले, नाटकाचा भाग वाटला. सरांनी पुन्हा सरळ केला. मी पुन्हा उलटा. हसू जरा कमी झालं. मागून छिलगोकची आजी, सासूबाईंची जुनी मैत्रीण, ओरडली, "अहो मास्तर, नीट ठेवा की एकदाचा, धिरडी गार होतात!" तिसऱ्यांदा त्यांनी सरळ केला. मी परत उलटा केला. ते हळूच म्हणाले, "पोरी, पुरे आता."

मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "सर, जोडा उलटा असताना बोलायचं नसतं. तुमच्याच पुस्तकात आहे."

भावजी, अख्खं मैदान गप्प झालं. त्यांनी जोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काठी घेतली आणि मोटारीकडे निघून गेले. जोडा तसाच राहिला. छिलगोकची आजी जवळ येऊन बसली. "काय गं, यानं तुझं नेलंय तरी काय?"

"नाव नेलं, आजी. तुमच्या बोन-होचं."

ती म्हणाली, "मग राहू दे उलटा."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सुन-ये

~

सोल, १० डिसेंबर

श्रीमती मिन सुन-ये यांस,

आपल्या मैदानावरील पाहुणचाराबद्दल आभार. 'मुकं गाव'ची नवी आवृत्ती सोबत पाठवतो आहे. आपली इच्छा मी पूर्ण केली आहे. कू बोन-हो याचं नाव ग्रंथात घातलं आहे.

सातव्या प्रकरणाच्या शेवटी पाहा. 'हे प्रकरण माझे दिवंगत शिष्य कू बोन-हो यांनी लिहिले असून त्यातील माहितीच्या खरेखोटेपणाची जबाबदारी सर्वस्वी त्यांची आहे.' बाकीची अकरा प्रकरणं होती तशीच माझ्या नावावर आहेत.

आपला लेख मी दोनदा वाचला. उत्तम आहे. ते प्रकरण बनावट असल्याचं त्यातून निःसंशय सिद्ध होतं. यापुढे जो कोणी तो वाचेल, त्याला तो बनाव कुणाचा होता हेही कळेल. आपण नाव मागितलंत, मी दिलं. या ग्रंथात जे एक खोटं आहे ते आता त्याच्या नावावर आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच सहीचा आहे.

आता जोडा आपणच सरळ कराल अशी आशा करतो.

प्यो दोक-सू

~

सोल, २० डिसेंबर

वहिनी,

सातव्या प्रकरणाखालची ओळ वाचली. दादांच्या ताटातला भात मी चार वर्षं खाल्लाय.

तुम्हाला जे सांगायचं आहे ते लिहून पाठवा. एका पानात बसवा. एक पान लोक वाचतात. गौरवग्रंथाच्या सगळ्या लेखकांचे पत्ते माझ्याजवळ आहेत, वर्तमानपत्रांचेही. खाली माझं नाव घालतो.

गिल-जे

~

मुल्गोल, ७ जानेवारी १९९७

सर,

तुमचं पुस्तक पोहोचलं. ती ओळ वाचली आणि मला दोन दिवस अन्न गेलं नाही. यांच्या तसबिरीकडे पाहवेना. अठरा वर्षं मी नाव नाव करत होते, आणि शेवटी ते मिळवून कुठं चिकटवलं, तर बाराही प्रकरणांतल्या एकुलत्या एका खोट्याला. तेही माझ्याच हातानं. मनात म्हटलं, म्हातारा जिंकला.

तिसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं. या वेळी पहिल्या पानापासून.

सर, प्रस्तावना तीच ठेवलीत तुम्ही. एक शब्द बदलला नाहीत, इतका तुमचा तिच्यावर जीव. 'या ग्रंथातील प्रत्येक ओळ मी मुल्गोल गावात राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिली आहे, विशेषतः सातवे प्रकरण.' आणि सातव्या प्रकरणाच्या तळाला तुमचीच सही: हे मी लिहिलं नाही, बोन-होनं लिहिलं. एकाच पुठ्ठ्याच्या आत दोन्ही. ज्या प्रकरणाची तुम्ही अठरा वर्षं सगळ्यांत मोठी शपथ घेतलीत, तेच तुमचं नव्हतं हे आता तुम्हीच छापून दिलंत. मग ज्यांची शपथ तुम्ही त्याहून हलक्या आवाजात घेतलीत, ती अकरा कुणाची?

मला पुरावा मिळत नव्हता, सर. तुम्ही तो कापडी बांधणीत घालून पाठवलात.

आता खोट्याचं. ते बोन-होंचं नाही, माझं आहे. मी ते माझ्या नवऱ्याला, माझ्या घरात, रागाच्या भरात सांगितलं आणि त्यांनी ते माझ्यावर थट्टा म्हणून लिहिलं. सातव्या प्रकरणाखाली माझं नाव घाला. 'मिन सुन-ये, मुल्गोलची सून'. मला मुळीच लाज नाही. बाकीच्या अकरांवर त्यांचं घाला. आणि पुठ्ठ्यावरचं नावही बदला. हे गाव कधीच मुकं नव्हतं.

हे सगळं मी एका पानात लिहिलं आहे. गिल-जे भावजींनी ते छापलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि तुमच्या गौरवग्रंथातल्या एकूण एक लेखकाला, वर्तमानपत्रांना आणि आमच्या जिल्हाप्रमुखांना टपालात टाकलं. सोबतच्या चिठ्ठीत हवेबद्दल एक शब्दही नव्हता, तेव्हाच मी ओळखलं की ते गंभीर आहेत. सगळ्यांना आज-उद्या मिळेल. तुमची प्रत या पाकिटात आहे. तुम्हाला दिलेलं प्रत्येक पान तुम्ही वाचता म्हणून कळलं.

जोडा मैदानावरून घरी आणलाय आणि सासूबाईंच्या रांजणावर ठेवलाय. त्यावर बर्फ पडलाय. छिलगोकची आजी जाता-येता डोकावून बघते आणि म्हणते, "अजून उलटाच."

तो मी सरळ करावा असं तुम्ही लिहिलंत. मी हात लावणार नाही. तो कुणी सरळ करायचा असतो, ते तुमच्या पुस्तकात आहे.

मिन सुन-ये